कोरं कापड देवाला देत नाहीत

परवा गिरजाघरातून बाहेर पडताना एका तरुण शहाणीनं मला विचारलं, "आजी, प्रभूच्या मेजावर कापड तरी कशाला लागतं? फुलं कशाला? देव काय असल्या गोष्टी बघतो?" मी म्हटलं, "तुझ्या लेकीच्या लग्नात मांडवाला झालर नको लावू मग. अन् माझ्या वाटेतून बाजूला हो." ती झाली बाजूला. पण माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. म्हणून हे लिहायला बसले. अक्षरं मला पादरीसाहेबांच्या मडमबाईनं पार उतारवयात शिकवली. लिहिताना पुस्तकातली भाषा येते, राग आला की आपली वऱ्हाडी तोंडात येते. वाचणाऱ्यानं तेवढं सोसून घ्यावं.

देव बघतो की नाही ते मला नका सांगू. मी अजून दर रविवारी जाते, मागच्या बाकावर बसते, पण भजायला नाही, भांडायला जाते. ते भांडण कापडाचंच आहे.

आम्ही अमरावतीचे कोष्टी. माझं माहेर अकोल्याचं, तेही कोष्ट्याचंच घर. सासरी आमच्या आळीत घराघरात माग होता, जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचा. मी सूत कातायची, हे विणायचे. आमच्या आळीतून देवीला लुगडं जायचं, दरसाल, पाळीपाळीनं. ज्या घरची पाळी त्या घरात महिनाभर कोणी मोठ्यानं बोलत नसे. माझ्या सासऱ्यांनी विणलेलं लुगडं देवीला नेसवलेलं मी पाहिलं आहे. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, तिलाच आम्ही करवत म्हणतो, ती अशी बारीक काढली होती, की बाया दर्शन विसरून काठच बघत बसल्या. सासरे मागं उभे होते. कोणी त्यांना ओळखत नव्हतं, अन् त्यांना ते फार आवडत होतं. म्हणाले, "आपलं नाव देवीले ठाव हाय, झालं."

मग ती कापसाची वर्षं आली. सातासमुद्रापलीकडे कुठल्या मुलखात लढाई जुंपली म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला, अन् सगळ्या जगाला एकदम वऱ्हाडाची आठवण झाली. चांदूर म्हणू नका, तिवसा म्हणू नका, जिकडून बघावं तिकडून कापसाच्या गाड्या अमरावतीच्या बाजारात. कुणब्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. जो तो म्हणे, वऱ्हाड सोन्याचं झालं. झालं असेल बाप्पा! लंकेत सोन्याच्या विटा, आम्हाला काय त्यांचं? पूर्वी कुणबीण दारात यायची, पदरातला कापूस माझ्या सुपात ओतायची अन् बदल्यात धोतरजोडी न्यायची. आता तीच कुणबीण बोंड मोजून विकायला लागली. देवापुढच्या वातीसुद्धा लोक जुन्या चिंध्यांच्या करत होते. कापूस सगळा मुंबईला, तिथून जहाजात. आमच्या आळीतले माग एकेक करून थंड पडले. कापसाच्या राजधानीत कोष्ट्याच्या घरात सूत नाही. आमचा माग सगळ्यांच्या शेवटी थांबला, पण थांबला.

आम्हाला एकच लेक. पाचव्या वर्षात होती. दिवसभर मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसायची अन् धोटा इकडून तिकडं पळाला की टाळी वाजवायची. माग थांबला तेव्हा तिनं बापाला विचारलं, "बाबा, धोटा झोपला का?" हे म्हणाले, "हो वं, दमला तो."

त्याच उन्हाळ्यात पटकी आली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. आळीतली माणसं घरंदारं टाकून शेतांत पळाली. आम्ही पळालो नाही, कारण पोरगीला उलट्या सुरू झाल्या होत्या. सकाळी सुरू झाल्या अन् दिवस कलायच्या आत ती गेली.

तिला गुंडाळायला घरात कापड नव्हतं.

पुन्हा लिहिते, कोष्ट्याच्या घरात कापड नव्हतं. जे होतं ते दाण्यासाठी विकून झालं होतं. माझं लुगडं अंगावर एकच, त्याच्याही चिंध्या. मी पदर फाडायला गेले तर सगळंच फाटत आलं. हे म्हणाले, "राहू दे, तू उघडी होशीन." हात लावायला भाऊबंद कोणी नाही. तेवढ्यात कॅम्पातले पादरीसाहेब औषधाची बाटली घेऊन आळीत फिरत होते, ते ह्यांचं रडणं ऐकून आत आले. औषधाची वेळ गेली होती. त्यांनी बाटली खाली ठेवली, पोरगीला दोन्ही हातांवर उचललं अन् उन्हातून चालत गिरजाघराच्या आवारापर्यंत नेलं. त्यांना तेव्हा मराठी धड येत नव्हती, पुस्तकातलं बोलायचे. मातीत ठेवताना म्हणाले, "भाऊ, तुमची मुलगी आता देवाच्या मांडीवर आहे."

त्या एका वाक्यासाठी आमच्या ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाकी धर्म त्यांना कळला असेल नसेल. मला विचाराल तर मी ह्यांच्या मागं गेले. जातीनं आम्हाला टाकलं. टाकतील नाहीतर काय करतील?

गिरजाघर तेव्हा नवं होतं. लहानसं, चुन्यानं पांढरं केलेलं, आत पांढरं, बाहेर पांढरं. समोर एक लाकडी मेज, त्यावर काही नाही. मला तर पहिल्या दिवशी रडू आलं. एवढा मोठा देव म्हणतात अन् त्याच्या घरी एक रंग नाही, एक फूल नाही, मेज उघडं! हेही ते मेजच बघत बसायचे. प्रार्थना संपली की आवारात कुंपणाशी पोरगीच्या मातीजवळ जायचे, तिथले दगड सारखे करायचे, अन् मग घरी. असं बरेच रविवार चाललं. एका रविवारी वाटेत म्हणाले, "पोरगीले उघडं धाडलं आपन. तिले ज्यानं मांडीवर घेतलं तोबी उघडाच बसला हाय. त्याले कापड देऊ."

"सूत कुठून आनता?" मी विचारलं.

सूत मी आणलं. कापसाच्या गाड्या भरून इतक्या फुगलेल्या असायच्या, की बडनेऱ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या बाभळींना घासत जायच्या. काट्यांना कापूस अडकून राहायचा. तो मी वेचायला लागले. एकेक पुंजका, एकेक काटा. व्यापाऱ्यांची माणसं हाकलायची, "ए बाई, तो शेटचा कापूस आहे!" मी म्हणायची, "मंग शेटले सांग काट्यावरून उतरून घ्याले." हातांची चाळण झाली. सरकी बोटांनी काढली, पिंजला, कातला. त्या हंगामात मी ओठ आवळून जितकं बारीक सूत कातलं तितकं पुन्हा कधी कातलं नाही. धागा धरला तर उजेडात दिसेना.

ह्यांनी माग झाडला, सुताला खळ लावली, ताणा चढवला. पांढऱ्यावर पांढरंच विणायचं ठरलं, पण काठाला बापाची ती करवत. पांढऱ्या सुतातली करवत समोरून दिसतच नाही. तिरपा उजेड पडला की मग एकदम उठते. मी म्हटलं, "दिसनार कोनाले?" तर म्हणाले, "ज्याले द्यायचं त्याले."

विणता विणता एका दुपारी त्यांनी धोटा थांबवला अन् म्हणाले, "अवं, कौल लावला मी."

कौल म्हणजे आमच्याकडे देवाला विचारणं. ओल्या दगडाला दोन फुलं चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. मनात प्रश्न धरायचा. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पेरणी, सोयरीक, दुखणं, सगळ्याला कौल. मी विचारलं, "कोनाले लावला?"

"ह्याच देवाले. कापड त्यानं घेतलं, तं पोरगी घेतली. नाई घेतलं, तं पादरीसायबानं आपलं मन राखाले सांगतलं होतं."

"काहीतरीच! ह्या देवाले नवस चालत नाई, कौल चालत नाई, सायबानं किती डाव सांगतलं!"

"देव तोच हाय वं. घर बदललं."

"मंग मी सायबाच्या कानावर घालू का?"

त्यावर मात्र ते असे भडकले, की बाप रे! मानसाच्या कानावर घातलेला कौल मानसाचा होतो, देवाचा राहत नाही, म्हणाले. गळ्याची आण घातली मला. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं हो. साहेबांच्या त्या वाक्यावर त्यांनी जात सोडली, भाऊ सोडले, देवी सोडली, पण रोज मातीजवळ उभं राहून त्यांना एकच वाटायचं, की वाक्य खरं असेल का? माझ्याशी बोलायचे नाहीत, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मलाही तेच वाटायचं.

कापड मागावरून उतरलं तेव्हा मी दिवसभर हात लावायला भ्याले. घडी घातली. हे म्हणाले, "चारी कोपऱ्यांले हळदकुंकू लाव. कोरं नको देऊ."

आता हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. नवं कापड कोरं अंगावर घालत नाहीत, कोरं कोणाला देत नाहीत, देवाला तर नाहीच नाही. कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं, मग ते कापड मंगल झालं. कोरं पांढरं मढ्यावर जातं. जिवंत देवाला मढ्याचं कापड द्यायचं? मी चारी कोपऱ्यांना बोटं टेकवली, पिवळं अन् त्यात लाल, अगदी इवलुसं. आम्ही दोघांनी आंघोळ करून ते पादरीसाहेबांच्या हातात नेऊन दिलं. साहेबांनी उलगडलं. खिडकीतून ऊन येत होतं, काठाची करवत उठली. साहेब किती वेळ बघतच राहिले. मडमबाईनं गालाला लावून पाहिलं. म्हणाल्या, "रविवारी अंथरू." आमचे हे परतताना रस्त्यानं शीळ घालत होते. लग्नानंतर मी ती शीळ पहिल्यांदा ऐकली.

रविवारी आम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो.

मेजावर कापड होतं. विलायती. गुळगुळीत, जाळीची झालर असलेलं, जहाजातून आलेलं. काय सांगावं, आमच्याच बाभळीवरून निसटलेला कापूस तिकडं जाऊन ते होऊन आला असेल. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते मेजाकडं पाहत होते, अन् पापणी हलत नव्हती.

प्रार्थना संपल्यावर साहेबांनी आम्हाला बाजूला बोलावलं. हातात आमची घडी. चेहरा पडलेला. त्यांच्या मराठीत त्यांनी हळूहळू सांगितलं. "मंडळीतल्या काही भावांनी हळदकुंकू पाहिलं. ते म्हणाले, जुनी पूजा मेजावर आली, तर मग आम्ही काय सोडलं? मला वाटलं, डाग धुऊन घेऊ. बाईंनी धुतलं." मडमबाई मागं उभ्या होत्या, डोळे लाल. त्यांनी सोड्याच्या पाण्यात धुतलं होतं. हळदीला सोडा लागला की काय होतं ते मी काय सांगू! चारी कोपऱ्यांचं इवलंसं पिवळं पसरून रक्तासारखं लालभडक झालं होतं. आगीतून फुफाट्यात. जितकं धुतलं तितकं पसरलं. "असं प्रभूच्या मेजावर कसं घालावं?" साहेब म्हणाले. "फार सुंदर काम आहे. तुम्ही घरात ठेवा. देव हृदय बघतो, भाऊ, कापड बघत नाही."

हृदय बघतो! हृदयच तर विणलं होतं त्यात, अजून काय काढून द्यायचं?

ह्यांनी घडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, "बरं सायेब" म्हणाले अन् निघाले. आवारातून बाहेर पडताना कुंपणाशी पोरगीची माती लागते. दर रविवारी थांबायचे ते त्या दिवशी थांबले नाहीत. त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. घरी येऊन घडी खुंटीवर ठेवली अन् म्हणाले, "पोरगी नाई घेतली त्यानं." मग मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले, रिकाम्या मागावर.

मी काय करावं? मी तशीच उलट पावली गेले. आण घातली होती, पण कौल तर लागून गेला होता, आता कसली आण! साहेब जेवायला बसले होते. मी दारातूनच ओरडले, "तुमी कापड नाई परत देल्लं सायेब! माही पोरगी परत देल्ली!" अन् सगळं सांगितलं, कौल, फुलं, उजवं, डावं, सगळं. साहेबांना अर्धं कळलं नसेल, पण जे कळलं त्यानं ते ताटावरून उठले. डोक्यावर टोपीही न घालता माझ्याबरोबर धावत आळीत आले. अख्खी आळी दारात येऊन बघत होती.

साहेब खड्ड्याच्या काठावर बसले, तिथंच, जिथं पोरगी बसायची. म्हणाले, "भाऊ, चूक माझी आहे. देवानं नाही, मी परत दिलं. आत्ता द्या ते कापड. जसं आहे तसं, डागांसकट. आत्ता जाऊन अंथरतो. कोणी काही म्हणो."

हे त्यांच्याकडं फार मायेनं बघत होते. तसं माझ्याकडंही कधी पाहिलं नसेल. म्हणाले, "सायेब, तुमचा काय दोष? फूल खाली पडते तं दोष दगडाचा असते का? पाडनारा वर हाय."

"देव असा नाही, भाऊ. पुन्हा एकदा द्या."

"कौल एकदाच लागते, सायेब."

साहेब ओंजळीत तोंड घालून रडले. एवढा गोरा उंच माणूस आमच्या घरात रडतोय अन् माझा नवरा त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. धीर देणाऱ्याला धीर देत होते. स्वतःसाठी त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

त्यानंतर ह्यांनी माग उचकटला. लाकडं जाळायला काढली, खड्डा मातीनं बुजवला. कापसाच्या गाठी दाबायच्या कामावर जायला लागले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांत, नाकात कापूस. खोकायचे तर कापूसच पडेल असं वाटायचं. गिरजाघरात येत राहिले, खाडा केला नाही, पण डोळे मिटून बसायचे. मेजाकडं बघायचे नाहीत. पुढं ती लांबची लढाई संपली म्हणे अन् कापसाचा भाव असा कोसळला, की चांदीच्या शेंब्या सोनाराकडं परत गेल्या. लोक रडत होते. आमच्या ह्यांना त्याचं सुखही नव्हतं, दुःखही नव्हतं. असाच एक हिवाळा आला अन् खोकता खोकता ते गेले. शेवटच्या दिवसांत मी एकदा विचारलं, "अवो, ती असन ना तिथं?" ते भिंतीकडं वळून निजले.

त्यांना पुरताना साहेब म्हणाले, ते कापड घालू या त्यांच्यावर. मी म्हटलं, नको. देवाला म्हणून विणलेलं त्यांनी जिवंतपणी अंगाला लावलं नाही, मेल्यावर मी कशी लावू? विकायचं तर पापच. गाठोड्यात बांधलं अन् अकोल्याला बहिणीकडं राहायला गेले; जातीला न भिता तिनं मला घरात घेतलं.

तिथं माझी भाची बाळंत झाली. मुलगी झाली. घरात लेकराखाली घालायला चिंधी नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापड विणलं त्या घराची ही गत. बाळ गोणपाटावर निजवलेलं. मी बघितलं अन् माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाठोडं सोडलं. बहीण म्हणाली, "बाई, अवं हे काय करून राहिली? देवाचं हाय ना ते?"

"देवाले नाई लागलं. लेकराच्या बुडाखाली तं लागन," मी म्हटलं.

लाल कोपरा दातांत धरून मी हिसका दिला. फाटेना. बहिणीला म्हटलं, ते टोक धर. तिनं एक टोक धरलं, मी एक. दोघी म्हाताऱ्या ओढतोय, पाय भिंतीला लावून ओढतोय. कापड ताणलं, दारातलं ऊन त्यावर तिरपं पडलं अन् सगळ्या काठाची करवत उठली. एक धागा हलला नाही. इतकी वर्षं गाठोड्यात पडून एक धागा सैल झाला नव्हता.

मी हातातलं टोक सोडून खाली बसले. पोरगी गेली तेव्हा मी रडले नव्हते, हे गेले तेव्हा रडले नव्हते, ते सगळं त्या दिवशी आलं. बाळंतीण घाबरून उठून बसली. मी बहिणीचा हात धरून विचारलं, "एवढं घट्ट ज्याले नको झालं, त्यानं माही नागडी पोरगी घेतली असन का वं?"

बहीण उठली अन् विळा आणायला गेली.